जूनपुरती विनंती: डेव्हिल्स टॉवरचे गिर्यारोहक, ससाणे आणि लाकोटा

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात डेव्हिल्स टॉवर या सुळक्यावर सरकारने 1995 साली गिर्यारोहकांना विनंती केली की मूळनिवासी जमातींच्या श्रद्धेखातर जून महिन्यात चढू नका. दंड नाही, गेटवर अडवणं नाही. वाटलं तर चढा, तेव्हाही नाव नोंदवायचं आणि जायचं. त्या वर्षीच्या जूनमध्ये चढणाऱ्यांची संख्या सुमारे 85 टक्क्यांनी घसरली. आदल्या वर्षी जूनमध्ये बाराशेच्या वर लोक चढले होते, त्या वर्षी दोनशेही नव्हते.

संरक्षित जागा आणि तिथे खेळायला येणारी मंडळी यांच्या भांडणात इतका चटकन बदल क्वचितच दिसतो. म्हणून हे प्रकरण नीट पाहण्यासारखं आहे. त्यात यश आहे तसं गळतीही आहे, आणि माझ्या मते गळतीतून शिकण्यासारखं जास्त आहे.

जागेबद्दल आधी. डेव्हिल्स टॉवर हा पायथ्यापासून 264 मीटर उंच, जवळजवळ उभा खडक. खाली बेल फूर्श नदी, आजूबाजूला पाइनची झाडं आणि गवताळ टेकड्या, आणि मधूनच हे प्रकरण उभं. वितळलेला खडक थंड होताना आकसला आणि त्याचे उभे खांब झाले. बहुतेक षटकोनी, काही पंचकोनी, काही चौकोनी. गिल्बर्ट हिलचे खांब पाहिलेल्या मुंबईकराला चित्र डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही, फक्त इथे आकार फार मोठा. गिर्यारोहकाला या खांबांपेक्षा त्यांच्यामधल्या भेगा महत्त्वाच्या. काही भेगा तळापासून पार वरपर्यंत सलग गेलेल्या आहेत. बोटं, मूठ, पाऊल, जे बसेल ते भेगेत घालून वर सरकायचं. दोन खांबांमधली फट रुंद असली तर एक पाय या खांबावर, दुसरा त्या खांबावर, असं फाकून चढायचं. वर पोचेपर्यंत पोटऱ्या भरून येतात. क्रॅक क्लाइंबिंग करणाऱ्यांच्या जगात या खडकाचं नाव मोठं आहे, ते यामुळे.

माणूस वर गेल्याची पहिली गाजलेली नोंद 4 जुलै 1893 ची. विल्यम रॉजर्स आणि विलार्ड रिपली या दोन स्थानिकांनी एका भेगेत लाकडी खुंट्या ठोकून शिडी केली आणि स्वातंत्र्यदिनाच्या जत्रेला जमलेल्या गर्दीसमोर रॉजर्स वर गेला. त्या शिडीचा काही भाग आजही खडकात दिसतो. 1906 मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. देशातलं हे पहिलंच राष्ट्रीय स्मारक. 1937 मध्ये फ्रिट्झ विस्नर आणि त्याचे दोन साथीदार शिडीशिवाय, दोराच्या साहाय्याने चढले. पुढच्याच वर्षी जॅक डुरान्सने नवी वाट काढली. तीच आज सगळ्यात जास्त चढली जाणारी वाट आहे.

डुरान्सचं नाव आणखी एका गोष्टीत येतं, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ऑक्टोबर 1941 मध्ये जॉर्ज हॉपकिन्स नावाचा पॅराशूटवाला पैज मारून विमानातून थेट माथ्यावर उतरला. उतरण्यासाठी टाकलेला दोर हाताला लागला नाही आणि गडी सहा दिवस वरच अडकला. विमानातून खाणं, पांघरूण टाकलं जात होतं, खाली बघ्यांची ही गर्दी. शेवटी डुरान्स आणि त्याच्या साथीदारांनी चढून त्याला खाली आणलं. पार्क सर्व्हिस, म्हणजे अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं आणि स्मारकं सांभाळणारं सरकारी खातं, आणि गिर्यारोहक यांचं नातं असं जुनं आहे. अडचणीच्या वेळी त्या खडकावर चढू शकणारी माणसं कोण, हे पार्कवाल्यांना पक्कं ठाऊक होतं.

1973 साली वर्षभरात 312 जण चढले होते. 1992 मध्ये हा आकडा सहा हजारांवर गेला. वाटा दोनशेच्या पुढे गेल्या, खडकात सुमारे 600 बोल्ट (भोक पाडून बसवलेले खिळे) आणि शेकडो पिटॉन (भेगेत ठोकायच्या लोखंडी पाचरी) ठोकले गेले. बोल्टभोवती लोंबणाऱ्या रंगीत पट्ट्या खालून दिसू लागल्या. ससाणे ज्या कपारींत घरटी करतात त्यांच्या शेजारून माणसं जाऊ लागली. आणि लाकोटा, शायान, कायोवा, क्रो, अरापाहो, शोशोनी या मूळनिवासी जमातींची जी तक्रार पूर्वी कुणी कानांवर घेत नव्हतं, ती आता दाबता येईना.

लाकोटा या खडकाला मातो टिपिला म्हणतात, अस्वलाचं घर. कायोवांच्या कथेत अस्वल मागे लागलेल्या सात बहिणी एका खडकावर चढतात, खडक वाढत वाढत आकाशाला भिडतो आणि अस्वलाच्या नख्यांचे ओरखडे खडकावर राहतात. आकाशात गेलेल्या त्या बहिणी म्हणजे आपल्या कृत्तिका. पण या जमातींचा संबंध कथेपुरता नाही. सूर्यनृत्य, एकट्याने उपाशी राहून करायची साधना, घामाच्या झोपडीतला शुद्धीविधी, हे सगळं या परिसरात होतं, आणि जून महिना, म्हणजे दिवस सगळ्यात मोठा होतो तो काळ, त्यासाठी खास. पायवाटेच्या कडेने पाइनच्या फांद्यांना लाल, पिवळ्या, पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या आणि लहान लहान पुरचुंड्या बांधलेल्या दिसतात. कुणाची तरी प्रार्थना असते ती. हात लावू नका, अशी पाटी जवळच असते. खाली उपवासाला बसलेल्या माणसाच्या डोक्यावर भिंतीत हातोडीचे घाव आणि दोरावरच्या दोघांच्या आरोळ्या चालू असतील तर काय होत असेल, हे समजायला लाकोटा असण्याची गरज नाही.

इतिहासही साधा नाही. हा सगळा टापू 1868 च्या फोर्ट लॅरमी तहाने सू लोकांचा (लाकोटा त्यांतलेच) आणि इतर मूळनिवासींचा म्हणून मान्य केलेला होता. इथल्या ब्लॅक हिल्स या डोंगररांगेत सोनं सापडलं आणि तह गुंडाळला गेला. 1883 पासून सरकारी नियमांनी सूर्यनृत्यालाच बंदी होती. मूळनिवासींच्या धर्माचरणाला संरक्षण देणारा कायदा यायला 1978 उजाडलं. म्हणजे गिर्यारोहण वाढत होतं त्याच दशकांत हे लोक उघडपणे आपल्या जागी परत येत होते.

मराठी वाचकाला इथे एक अडचण येते, ती मोकळेपणी मान्य करू. आपल्याकडे देव बहुधा वरच असतो. कळसूबाईच्या माथ्यावर देऊळ, हरिश्चंद्रगडावर देऊळ, चढणं हाच भक्तीचा भाग. त्यामुळे ‘पवित्र आहे म्हणून चढू नका’ हे पहिल्या झटक्यात पटत नाही. पण कैलासाला प्रदक्षिणा घालतात, चढत नाहीत. कांचनजंगाच्या शिखराच्या काही पावलं अलीकडे थांबायची पद्धत 1955 च्या पहिल्या यशस्वी मोहिमेपासून आहे, सिक्कीमच्या लोकांना दिलेल्या शब्दाखातर. डेव्हिल्स टॉवरची मागणी त्या जातीची होती.

पार्क सर्व्हिसने शहाणपण केलं ते असं की आराखडा आधी लिहून मग हरकती मागवण्याऐवजी सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवलं. गिर्यारोहकांच्या बाजूने ॲक्सेस फंड ही राष्ट्रीय संघटना आणि ब्लॅक हिल्समधले स्थानिक गिर्यारोहक, जमातींच्या बाजूने मेडिसिन व्हील कोअ‍ॅलिशन आणि ग्रे ईगल सोसायटी, शिवाय पर्यावरणवाले सिएरा क्लब आणि स्थानिक काउंटीचे प्रतिनिधी. जमातींमधल्या अनेकांना गिर्यारोहण पूर्ण बंद हवं होतं. अनेक गिर्यारोहकांना कसलंच बंधन नको होतं. बारा महिन्यांतला एक महिना हा त्यातून निघालेला तोडगा. मनापासून कुणालाच हवा तसा नव्हता.

फेब्रुवारी 1995 च्या अंतिम आराखड्यात मुख्य गोष्टी चार. नवे बोल्ट आणि कायमचे पिटॉन ठोकायचे नाहीत, जुना झिजलेला बोल्ट परवानगीने बदलता येईल. ससाण्यांच्या घरट्यांजवळच्या वाटा विणीच्या हंगामात बंद. जूनमध्ये सर्वांनी स्वखुशीने चढाई टाळावी. आणि जूनसाठी व्यावसायिक गाईडना परवाने द्यायचे नाहीत. पार्कच्या कर्मचाऱ्यांनीही बचावकार्य किंवा कायद्याच्या कामाखेरीज जूनमध्ये चढायचं नाही, असं ठरलं. दुसऱ्याला सांगायचं ते आधी स्वतः पाळायचं, एवढी अक्कल सरकारी आराखड्यात दिसली की बरं वाटतं.

ससाण्यांचं कलम मला या प्रकरणाची किल्ली वाटतं. ते सक्तीचं आहे. साधारण मार्चच्या मध्यापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत घरट्याजवळच्या वाटा बंद म्हणजे बंद. तरीही त्यावर कुणी कोर्टात गेलं नाही. का? घरटं दुर्बिणीतून दिसतं. ससाणे जागा बदलतात तशा बंद वाटाही बदलतात. घरटं रिकामं झालं की वाट उघडते. शिवाय घरट्याजवळ गेलेल्या गिर्यारोहकावर प्रेअरी ससाणा झडप घालतो, तीही शंभर मीटर उंचीवर दोघे दोराला लटकलेले असताना, तेव्हा नियम आपल्याही भल्याचा आहे हे सांगावं लागत नाही. बंदीचं कारण दिसतंय, तिची हद्द आखलेली आहे आणि ती संपणार कधी हे कळतंय, तर गिर्यारोहक सक्ती निमूट पाळतात. दर मोसमात कुठली वाट बंद आहे याची यादी तेच एकमेकांना पाठवतात.

जूनच्या बाबतीत हद्द आखलेली होती, मुदत ठरलेली होती. दुर्बिणीतून दिसणारं कारण तेवढं नव्हतं. प्रार्थनेचा भंग झाला की नाही हे मोजायचं कसं? त्यात अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती आडवी येते. सरकारने एका धर्माची बाजू घेऊन दुसऱ्यांवर सक्ती करायची नाही. ससाण्यासाठी सक्ती चालते, सूर्यनृत्यासाठी चालत नाही. आराखडा लिहिणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून ‘स्वखुशीने’.

गाईडांच्या परवान्यांचं कलम मात्र स्वखुशीचं नव्हतं, आणि ठिणगी तिथेच पडली. बेअर लॉज मल्टिपल यूज असोसिएशन नावाची स्थानिक संघटना, काही गिर्यारोहक आणि एक व्यावसायिक गाईड यांनी सरकारवर दावा लावला. जून 1996 मध्ये फेडरल न्यायाधीश विल्यम डाउन्स यांनी व्यावसायिक चढाईवरच्या बंदीला तात्पुरती स्थगिती दिली. गाईडला परवाना नाकारणं ही सक्तीच, असं त्यांचं म्हणणं. पार्क सर्व्हिसने ते कलम त्याच वर्षअखेरीस मागे घेतलं. एप्रिल 1998 च्या अंतिम निकालात उरलेली विनंती मात्र डाउन्स यांनी वैध ठरवली. जमातींच्या आचरणाला जागा करून देणं वेगळं आणि इतरांवर ते लादणं वेगळं. वादींनी विनंती न मानल्यास पुढे सक्ती करता येईल, असा पर्याय आराखड्यात लिहून ठेवला होता, त्याकडे बोट दाखवलं. पर्याय नुसता कागदावर असणं म्हणजे सक्ती नव्हे, असं कोर्टाने मानलं. 1999 मध्ये अपील कोर्टाने वेगळ्याच वाटेने तेच केलं: तुम्हाला चढायला कुणी अडवलेलंच नाही, मग तुमचं नुकसान काय झालं? दावा चालवण्याचा हक्कच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये प्रकरण ऐकायला नकार दिला.

दाव्यात आणखी दोन गोष्टींना हरकत होती. पायवाट सोडू नका अशा पाट्या आणि मुलांना मूळनिवासींच्या दृष्टीने या जागेची ओळख करून देणारा शैक्षणिक कार्यक्रम. पाटीने कुणाचं काय बिघडतं, असं आपण म्हणू. पण वादींच्या हे नेमकं लक्षात आलं होतं की विनंती पाळली जाते ती पाटीमुळे आणि गोष्ट सांगणाऱ्या रेंजरमुळे. मुळावर घाव घालायचा तर तिथेच घालायला हवा.

आणि खरंच, 1995 च्या त्या 85 टक्क्यांमागे पार्क सर्व्हिसपेक्षा गिर्यारोहकांचं एकमेकांना सांगणं जास्त होतं, असं मी म्हणेन. ॲक्सेस फंडने आपल्या सभासदांना कळवलं. दुकानांत आणि क्लबांत चर्चा झाली. चढाईपूर्वी नाव नोंदवणं सगळ्यांना सक्तीचं, त्यामुळे प्रत्येक जण रेंजरसमोर एकदा उभा राहतोच, आणि तिथे विनंतीचा विषय निघतोच. जूनमध्ये चढलास तर परतल्यावर मित्र काय म्हणतील, हा विचार ज्याला शिवला त्याने जुलैची तारीख काढली. वर्षभरातल्या चढायांपैकी जवळपास एक पंचमांश या एकाच महिन्यात व्हायच्या, हवा उत्तम, दिवस मोठा. म्हणजे सोडलं ते फुकटातलं नव्हतं.

पण मग आकडा पुन्हा वर सरकायला लागला. 1994 इतका कधीच झाला नाही, तरी पहिल्या वर्षीची शिस्तही टिकली नाही. याची कारणं फारशी गूढ नाहीत. त्या टेबलाभोवती बसलेली पिढी पन्नाशी-साठीत गेली. नवी मुलं भिंतीवरच्या कृत्रिम खोबण्यांवर, जिममध्ये चढायला शिकलेली. त्यांना 1994 ची भांडणं ठाऊक नाहीत, लाकोटा म्हातारे काय बोलले ते ठाऊक नाही. मोबाइलवर वाट शोधली, गाडी काढली, पोचल्यावर काउंटरवर विनंती ऐकली. हजार किलोमीटर गाडी हाकून आलेल्याला काउंटरवर ‘नका चढू’ सांगणं म्हणजे जेवायला बसलेल्याला आज उपास आहे म्हणून सांगणं. विनंती घरून निघण्याआधी पोचली तरच तिचा उपयोग.

दुसरं कारण पैशाचं. परवान्यांची बंदी उठल्यावर काही गाईडांनी जूनमध्ये धंदा बंद ठेवला, काहींनी चालू ठेवला. चालू ठेवणाऱ्याला जूनमधलं गिऱ्हाईक आयतं मिळतं आणि पाळणाऱ्याचा मोसम एक महिन्याने आखडतो. गाईडबरोबर येणारा बहुतेकदा हौशी, एकदाच येणारा. गिर्यारोहकांच्या समाजाची लाज-शरम त्याला लागू होत नाही, कारण तो त्या समाजात नाहीच. डाउन्स यांनी स्थगित केलं ते कलम कायद्याने टिकणारं नव्हतं हे मान्य, पण व्यवहारात त्याच्या जाण्याने विनंतीला भोक पडलं आणि ते आजवर बुजलेलं नाही. गाईडांच्या संघटनेनेच आपसांत जून बंद ठेवला असता तर कोर्टाला त्यात बोलायला जागा नव्हती. सरकारला जे करता येत नाही ते धंदेवाल्यांना आपापसांत करता येतं.

याच काळात दुसरीकडे उलट घडलं, तेही शेजारी ठेवून पाहावं. नेवाडातल्या लेक ताहोच्या काठी केव्ह रॉक नावाचा खडक आहे. वाशो जमातीच्या वैदूंखेरीज तिथे कुणी जाऊ नये, असा त्या लोकांचा दंडक. गिर्यारोहकांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे अत्यंत अवघड वाटा बोल्ट ठोकून बसवल्या. फॉरेस्ट सर्व्हिसने, म्हणजे तिथल्या सरकारी वन खात्याने, 2003 मध्ये चढाई पूर्ण बंद केली. डेव्हिल्स टॉवरच्या विनंतीला पाठिंबा देणारा तोच ॲक्सेस फंड इथे कोर्टात गेला आणि 2007 मध्ये अपील कोर्टात हरला. बंदीचं कारण धर्म नसून ऐतिहासिक-सांस्कृतिक वारसा आहे, हे कोर्टाने मान्य केलं. पुढे बोल्ट काढून टाकले गेले. केव्ह रॉकवर आज चढाईपुरतं तरी वाशोंना हवं होतं ते मिळालं आहे. डेव्हिल्स टॉवरवर लाकोटांना हवं होतं त्यातलं थोडंसं मिळालं आहे. तेव्हा सहकार्याची तारीफ करताना हेही म्हणायला हवं की सहकार्याने दुबळ्या बाजूला नेहमी जास्त मिळतं असं नाही. कागद नीट लिहिला तर सक्तीही टिकते.

तरी मी डेव्हिल्स टॉवरच्या पद्धतीच्या बाजूचा आहे, आणि त्याला कारण आपल्याकडचा पावसाळा आहे. दरवर्षी धबधबे, गड, धरणांच्या कडा अमुक तारखेपर्यंत बंद असे जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. आदेश निघतो तेव्हा गिर्यारोहण संस्थांना तो बहुधा बातमीतूनच कळतो. वर्षानुवर्षं त्या वाटा राखणारे, अपघातात दोर घेऊन दरीत उतरणारे आणि शनिवारी दोनशे जणांची बस भरून आणणारे सगळे एकाच कलमाखाली. आदेश संपला की सगळं पूर्ववत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या कड्यांवर गिधाडांची, ससाण्यांची घरटी कुठे आहेत, कुठल्या महिन्यात कुठली भिंत टाळायची, हे तिथे चढणाऱ्यांइतकं कुणाला दिसणार? ती यादी वन खातं आणि चढणारे यांनी दर हंगामाआधी एकत्र बसून करावी, एवढं तर कुठल्याही राज्यघटनेच्या आड येत नाही.

डेव्हिल्स टॉवरच्या आराखड्यात यशाची व्याख्याही लिहिलेली आहे. मूळनिवासींच्या श्रद्धेचा मान राखून प्रत्येक गिर्यारोहक स्वतःहून जूनमध्ये चढायचं टाळेल, तेव्हाच ही विनंती पूर्ण यशस्वी झाली असं समजायचं. प्रत्येक. इतकी चढी अट सरकारी कागदात सहसा कुणी स्वतःवर घालून घेत नाही. ती आजवर एकाही वर्षी पूर्ण झालेली नाही. पार्क सर्व्हिसने अट सैल केलेली नाही आणि सक्तीचा पर्यायही वापरलेला नाही. दर जूनला नोंदणीचं काउंटर उघडंच असतं आणि समोर आलेल्याला रेंजर तेच सांगतो.